भिंतीला डोके टेकल्याचे अडीच हजार

माझ्यासमोर जी पावती पडली आहे तिच्यावर ‘आर्टवर्क डॅमेज, १ नग, रु. २,५००’ असे छापलेले आहे, आणि तो एक नग म्हणजे माझ्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा भिंतीवर उमटलेला, पुरीएवढा डाग आहे. मी भिंतीवर नाव कोरलेले नाही, खिळा ठोकलेला नाही, पानाची पिचकारी मारलेली नाही. दिवसभर पावसात मुंबईतले फोर्ट आणि काळा घोडा पायाखाली घातल्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास हॉटेलच्या खोलीतल्या पलंगावर बसून मी भिंतीला डोके टेकवले, एवढेच. पलंगाला डोक्याकडची फळी असती तर मी फळीला टेकलो असतो. पण फळी लावली तर चित्र झाकले जाते, म्हणून ती मुद्दाम लावलेली नाही, हे मला दुसऱ्या दिवशी बिलाच्या वेळी अत्यंत अदबीने समजावून सांगण्यात आले.

तो बिलाचा प्रसंग सविस्तर सांगितल्याशिवाय मला जेवण पचणार नाही. काउंटरवरच्या मुलाने टॅब्लेटवर खोलीची दोन छायाचित्रे शेजारीशेजारी उघडली, आमच्या आधीचे आणि आमच्या नंतरचे, आणि पोलीस पंचनाम्यात दाखवतात तसे बोट डागावर ठेवले. आधी तो इंग्रजीत बोलला, मग हिंदीत बोलला, आणि मी पत्नीकडे वळून ‘हा पोरगा काय बडबडतोय’ असे म्हटल्यावर त्याने कोकणातल्या हेलाची, उत्तम, स्वच्छ मराठी काढली. फोर्टमध्ये मराठी माणसाने मराठी माणसाशी तिसऱ्या क्रमांकाची भाषा म्हणून मराठी बोलावे, या विषयावर माझे स्वतंत्र म्हणणे आहे, पण ते असो. तो म्हणाला, ‘‘सर, ती भिंत नाही, कलाकृती आहे.’’ मी विचारले, ‘‘मग खोलीत भिंत कोणती?’’ त्याने थोडा वेळ प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितले की त्या खोलीत चारही बाजू कलाकृतीच आहेत आणि छतही धरलेले आहे. म्हणजे एका रात्रीचे ३,९०० रुपये मोजून मी ज्या जागेत राहिलो तिथे टेकायला हक्काचे असे काही नव्हतेच. खिडकीच्या बाजूला त्याच कलाकृतीचे तळहाताएवढे पोपडे पावसाच्या ओलीने सुटून जमिनीवर पडले होते, ते मी दाखवले आणि पावसाला बिल दिले का, असे विचारले. त्यावर तो ‘‘ते नॅचरल आहे, सर’’ असे म्हणाला. माझ्या डोक्याला घाम येतो आणि तेल असते हे अनैसर्गिक कसे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या किती तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र या तिन्ही पेपरांत मुलांच्या मी एकच गोष्ट डोक्यात घातली, की ज्या वस्तूवर नक्षी काढायची त्या वस्तूचा उपयोग आधी समजून घ्यावा. बशीच्या मध्यभागी उठावाचे काम करू नये, कारण तिथे कप बसतो. झोपायच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवर माणसाचे डोके लागणार, हे ज्याला सुचले नाही त्याला मी संकल्पचित्रात काठावर पास केले असते. आणि सुचले नाही असेही समजू, तरी जुन्या इमारतीच्या चुन्याच्या भिंतीवर ॲक्रिलिक रंगवून वर व्हार्निशचा साधा एक हातही न देता ते काम पूर्ण झाले म्हणून ताब्यात कोण घेतो? वर पारदर्शक व्हार्निश असते तर ओल्या फडक्याने आणि जरा साबणाने तो डाग दोन मिनिटांत निघाला असता. मी तसे करायला निघालोही होतो, पण पत्नीने हात धरला, कारण तिच्या मते डागाचे अडीच हजार झाले तर पुसल्याचे पाच होतील.

चित्र तरी काय होते? खोलीला क्रमांक नव्हता, नाव होते, नाव ‘पाडा’. त्यावरून तुम्ही ओळखलेच असेल. मोरपंखी निळ्या रंगावर पांढऱ्या वारली आकृत्या, त्यातली एक स्कूटरवर, एक मोबाइल कानाला लावलेली, एक गिटार घेतलेली, आणि ऐन उशीच्या वर तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर, ज्याच्या मधोमध माझे डोके लागले. डाग बरोबर तारपावाल्याच्या तोंडावर पडला. वारल्यांची चित्रे आता चहाच्या कपाखालच्या चकत्यांवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि बँकांच्या दिनदर्शिकांवर पाहून पाहून माझे डोळे निबर झाले आहेत, तरी गिटारवाला पाहून मला भडभडून आले. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचे सारवण, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने बांबूच्या काडीने लग्नघरात सवाष्णींनी काढलेला पालघट देवीचा चौक, हे ज्या चित्राचे मूळ आहे, त्या चित्राच्या घरात लोक भिंतीला खुशाल टेकून बसतात, चूल पेटते, धूर लागतो, आणि भिंत पुन्हा सारवली की चित्र जाते. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणले आणि जगभर नेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या पाड्यावर पाहुण्याकडून डोके टेकल्याचे पैसे कोणी घेतले असतील असे मला वाटत नाही. ‘पाडा’ असे नाव ठेवायचे आणि अनामत रक्कम पाच हजार घ्यायची!

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या मद्रास फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये चक्क चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. तो शिकारीला आला होता. त्याला कोणी पावती दिली नाही. उलट लेणी ‘शोधून काढणारा’ म्हणून तो दोनशे वर्षे पुस्तकांत नांदतो आहे आणि गाइड लोक ते कोरलेले नाव टॉर्चने दाखवतात. मी फक्त टेकलो.

खुंटीविषयी तर मी शांतपणे लिहू शकत नाही. ऑगस्टचा पाऊस, अंगावरचा सदरा, धोतर नव्हे पण विजार, छत्री, पत्नीची साडी, दोन टॉवेल, सगळे निथळत असताना त्या अख्ख्या खोलीत एक खुंटी नव्हती. कोल्हापुरात बसस्थानकासमोरच्या साध्यातल्या साध्या लॉजमध्ये दाराच्या मागे तीन खुंट्या, न्हाणीघरात बादली, मग आणि पाट असतो, हे ज्यांना मागासलेपण वाटते त्यांनी एकदा ओली विजार हातात धरून चार कलाकृतींच्या मध्ये उभे राहून पाहावे. शेवटी आम्ही कपडे खिडकीच्या गजांना बांधले, तर खालून पहारेकऱ्याने हाक मारून सांगितले की दर्शनी भाग हेरिटेज आहे. न्हाणीघराची भिंत काचेची होती. पस्तीस वर्षांच्या संसारात जे झाकून राहिले होते ते दोन दिवसांत उघडे पडले, आणि मी अंघोळीला गेलो की पत्नी शहाण्यासारखी जिन्यात जाऊन बसू लागली. हात धुण्याचे भांडे म्हणजे उलटीसुलटी ठोकलेली तांब्याची परात होती. तिच्यात पाणी सोडले की ते थेट पोटावर येई. दिव्याची बटणे चित्रातच रंगवून टाकलेली होती, त्यामुळे रात्री दीड वाजता मी एका नाचणाऱ्या बाईचे पाय, बैलाचे शिंग आणि गिटारवाल्याचे पोट क्रमाने दाबत गेलो आणि अखेर झाडावरच्या तिसऱ्या पक्ष्याने दिवा लागला. दिवा म्हणजे तरी काय, समईत जेवढा उजेड असतो तेवढाच. तसल्याच उजेडात साडेनऊला वाचता यावे म्हणून तर मी भिंतीला टेकून पुस्तक डोळ्यांजवळ धरले होते, तेव्हा डागाचे मूळ कारण कोणाच्या गळ्यात बांधायचे ते बांधावे.

आणि हे सारे मी निवडलेले नव्हते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची चित्रे जहांगीर कलादालनात लागली होती, त्याने आग्रहाने बोलावले आणि खोलीही त्यानेच ठरवली. ‘‘सर, परवडणारी आहे, आणि तुम्ही कलावंत, तुम्हाला नक्की आवडेल,’’ असे तो फोनवर म्हणाला. कलावंत म्हटल्यावर मी विरघळलो, हे कबूल केले पाहिजे. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने येऊन आम्ही आठच्या आधीच दारात हजर झालो, तेव्हा खोली दुपारी दोनला मिळेल असे सांगून आम्हाला टाइपरायटर रचून केलेल्या एका बैठकीवर बसवण्यात आले. तिथे टेकता येत नव्हतेच, बसताही येत नव्हते. चहा मागितला तर भिंतीवरचा चौकोनी ठिपक्यांचा कागद मोबाइलने टिपा, असे उत्तर आले. टिपला तर कटिंग १८० रुपये. जहांगीरमधले समोवार हे उपाहारगृह चालू असते तर मी तडक तिकडे गेलो असतो, पण ते २०१५ सालीच बंद झाले.

बिलावर माझा आवाज चढत चालला, व्हार्निश, सारवण आणि जॉन स्मिथ असे सगळे मी त्या कोकणातल्या पोरावर एका दमात ओतत होतो, तेव्हा पत्नीने मागून शांतपणे म्हटले, ‘‘अहो, घरच्या कॉटमागचा तुमचा डाग मी पस्तीस वर्षे घासते आहे. यांच्या दराने माझे किती झाले ते सांगा.’’ पोरगा हसला. मला हसू येऊ नये म्हणून मी छताकडे पाहिले, तर तिथेही चित्र. शाळेच्या शिक्षक-खोलीत माझ्या खुर्चीमागे असाच एक डाग होता आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी ‘‘सरांची शाळेवर कायमची छाप’’ असा उल्लेख केला होता, तो गौरव नसावा, हे मला त्या क्षणी कळले. शिवाय शाळेच्या पाण्याच्या खोलीत मी स्वतः एक भव्य पंचगंगा घाट रंगवला होता आणि शिपायाने ‘‘सर, आता झाडू कुठं अडकवू?’’ असे विचारल्यावर त्याला सौंदर्यदृष्टीवर पंधरा मिनिटे ऐकवले होते. भिंतीला हात लावणाऱ्या पोरांकडून मी चार आणे दंडही घेत असे. चार आणे म्हणजे चार आणे, अडीच हजार नव्हेत, आणि ते खडूंच्या डब्यात जमा होत.

तरीही मी सोडले नाही. नुकसानभरपाईचे वर्णन मराठीत लिहून द्या, असा हट्ट धरला. पोराने पावतीच्या मागे पेनाने ‘भिंतीस डोके टेकवल्याबद्दल’ असे लिहिले, खाली शिक्का मारला, आणि ‘‘काका, ऑनलाइन पाच तारे द्याल का?’’ असे विचारले. विद्यार्थ्याचा संध्याकाळी फोन आला, खोली कशी होती म्हणून. ‘‘छान होती,’’ असे मी सांगितले. अनामतीतले उरलेले अडीच हजार सात कामकाजी दिवसांत खात्यावर जमा होतील असे मला सांगण्यात आले होते. आज अकरावा दिवस आहे.