खांद्यावरचा हात

‘शोले’तल्या जय-वीरूच्या दृश्यांवर प्रेमगीत लावून कुणी रील केली की आमच्या नाशिकच्या मित्रांच्या ग्रुपवर वाद पेटतो. “दोस्तीला कशाला बदनाम करता?” मी नेदरलँड्समध्ये राहतो, मी गे आहे, आणि मला यात दोस्तीची बदनामी दिसत नाही.

इव्ह सेजविक या अमेरिकी अभ्यासिकेने १९८५ मध्येच मांडलं होतं, की पुरुषांची मैत्री, निष्ठा आणि आकर्षण हा एकच सलग पट्टा आहे. समाज धाक घालून तो मध्येच तोडतो. जय वीरूच्या मिठीत प्राण सोडतो तेव्हा डोळे पुसणारे पुरुषही त्याच पट्ट्यावर कुठेतरी असतात. तिथे स्वतःची गोष्ट शोधणारा मुलगा कुणाचं काही हिसकावत नाही. त्याच्या वाट्याला पडद्यावर दुसरं होतं तरी काय? बहुतेकदा लचकत चालणारं, हसण्यासाठी आणलेलं पात्र.

नेदरलँड्सने २००१ मध्ये जगात सर्वांत आधी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. माझा सहकारी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याच्या तक्रारी सांगतो, तेव्हा मला त्याचा हेवा वाटतो. पण दोन मित्र खांद्यावर हात टाकून चाललेले इथे क्वचितच दिसतात. आपल्याकडे रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदांत, पोरं धप्पा मारतात, ओल्या अंगाने एकमेकांना घट्ट बिलगतात, गळ्यात गळा घालून घरी जातात. कुणी त्याचा अर्थ विचारत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. प्रत्येक स्पर्शाला नाव देण्याची घाई नाशकात पोचू नये, असं मनापासून वाटतं.

पण त्या घोळक्यातल्या एखाद्याचं खरंच प्रेम असेल तर? मी त्या घोळक्यात होतो. सगळ्यांना मोकळा असलेला तोच स्पर्श मला जपून, मोजून करावा लागायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. ‘बायल्या’ आणि ‘छक्का’ कॉलेज रोडच्या कट्ट्यावर दोन्ही निकालांनंतर तसेच राहिले. खांद्यावरचा हात त्या शिव्यांमुळे निघतो, रीलमुळे नाही. आणि रीलवर एवढं चिडणाऱ्या माझ्या मित्रांपैकी एकानेही ती शिवी देणाऱ्याला कधी अडवलेलं मी पाहिलेलं नाही.