लीजचा हिशेब आणि "अमेरिकेत सगळे असंच करतात"

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. माझ्या आतेभावाचा वाळूजला कारखाना आहे आणि त्याला मोठी जर्मन एसयूव्ही घ्यायची आहे. मोठे काका म्हणतात, घ्यायची तर स्वतःच्या नावावर घे, भाड्याच्या गाडीत कसला आलाय मान! आतेभावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यात आयटीत आहे. त्याचं म्हणणं, लीजच करा, म्हणजे ठरावीक वर्षं भाडं भरून गाडी वापरा आणि परत द्या. किंमत घटत जाणाऱ्या वस्तूत पैसा अडकवणं हा अडाणीपणा आहे, अमेरिकेत सगळे असंच करतात, शहाणी माणसं महागड्या गाड्या विकत घेतच नाहीत. आणि पुरावा म्हणून त्यानं माझं नाव पुढे केलं, कारण मी न्यू जर्सीत राहतो आणि माझी गाडी लीजवर असते.

काकांशी माझं भांडण नाही. ते ज्या शहरात राहतात तिथल्या उद्योजकांनी २०१० मध्ये एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. तेव्हा औरंगाबादचं नाव देशभरच्या पेपरांत झळकलं आणि मी इथे ऑफिसात भेटेल त्याला ती बातमी दाखवत सुटलो होतो. त्या खरेदीत मिरवणं होतंच, पण मागणी एकगठ्ठा नेल्यामुळे घासाघीस करण्याची ताकदही होती. त्या माणसांना आपण काय घेतोय आणि का घेतोय हे पक्कं ठाऊक होतं.

राग येतो तो "अमेरिकेत सगळे" या दोन शब्दांचा. इथे लीज करणाऱ्या निम्म्याअधिक लोकांना मी नुसता हप्ता बघून सही करताना पाहिलंय. इथल्या रूट २२ या हमरस्त्यावरच्या कुठल्याही शोरूममध्ये जा, सेल्समन पहिला प्रश्न हाच विचारतो: महिन्याला किती बसतंय तुम्हाला? या प्रश्नाला उत्तर दिलं की सौदा तिथेच हातातून गेला. हप्ता हवा तेवढा खाली आणता येतो.

समजा गाडीची स्टिकर किंमत ७०,००० डॉलर आहे आणि घासाघीस करून ती ६५,००० वर आली. छत्तीस महिन्यांनी तिची किंमत स्टिकरच्या ५५ टक्के, म्हणजे ३८,५०० राहील असं लीज कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं, तो रेसिड्युअल. मधले २६,५०० डॉलर गाडी झिजते म्हणून तुम्ही भरायचे, महिन्याला ७३६. त्यावर व्याज, पण ते टक्क्यांत सांगत नाहीत. मनी फॅक्टर नावाचा ०.००२० असा एक बारीकसा आकडा असतो. ६५,००० आणि ३८,५०० यांची बेरीज करून तिला त्यानं गुणलं की आले २०७ डॉलर. हप्ता झाला ९४३, कर वेगळा. मनी फॅक्टरला २,४०० नं गुणलं की खरा व्याजदर कळतो, इथे ४.८ टक्के. डीलरनं गुपचूप ०.००२० चा ०.००२४ केला तर महिन्याला एक्केचाळीस डॉलर वाढतात आणि तीन वर्षांत जवळजवळ दीड हजार जातात. १९७६ च्या कायद्यानं रेसिड्युअल कागदावर छापावाच लागतो, मनी फॅक्टर छापण्याची सक्ती नाही. तो तोंडानं मागावा लागतो आणि मी तो दरवेळी मागतो.

जाहिरातीत मात्र हीच गाडी ७३५ ला दिसते, कारण खाली बारीक अक्षरात सही करताना ७,००० डॉलर भरायचे असं लिहिलेलं असतं. आणि गाडी दुसऱ्याच महिन्यात पार्कवेवर चक्काचूर झाली, तर विम्याचे पैसे लीज कंपनीला मिळतात; तुमचे सात हजार गेले ते गेलेच. म्हणून लीजवर आगाऊ पैसे कधी भरायचे नाहीत. हे पुतण्याच्या एकाही रीलमध्ये नाही.

आता हा हिशेब उचलून छत्रपती संभाजीनगरला नेता येतो का? नाही येत. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के विक्रीकर आहे आणि तोही साधारणपणे हप्त्यांच्या बेरजेवर लागतो. महाराष्ट्रात वाहनकर एकरकमी, गाडीच्या पूर्ण आयुष्याचा, पहिल्याच दिवशी भरायचा. वीस लाखांच्या वरची पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर असेल तर १३ टक्के, डिझेल असेल तर १५, आणि कंपनीच्या, म्हणजे लीज कंपनीच्याही, नावावर नोंदवली तर २०. एक कोटीच्या पेट्रोल गाडीवर तेरा लाख आणि वीस लाख, सात लाखांचा फरक नुसत्या पासिंगमध्ये. लीज कंपनी हे पदरचे भरणार नाही, चार वर्षांच्या भाड्यातच काढणार. पंधरा वर्षांचा कर चार वर्षांत फेडायचा आणि गाडी परत द्यायची, यात शहाणपण कसलं? करबचतीचं म्हणाल तर लीजचं भाडं धंद्याच्या खर्चात दाखवता येतं हे खरं, पण धंद्यासाठी विकत घेतलेल्या गाडीवरही वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो आणि कर्जाचं व्याज खर्चात जातं.

माझी लीज चांगली होती, हे मी ठासून सांगतो. २०२४ मध्ये घेतलेली ती इलेक्ट्रिक एसयूव्ही. विकत घेतली असती तर माझ्या पगारात आणि त्या किमतीत सरकारी सवलत बसत नव्हती. लीजवरची गाडी व्यावसायिक धरत असल्यामुळे ७,५०० डॉलर लीज कंपनीला मिळाले आणि तिनं ते गाडीच्या किमतीतून वळते केले. शिवाय इलेक्ट्रिक गाड्यांचे जुन्या बाजारातले भाव कोसळले तर तो तोटा कंपनीचा, मी किल्ली देऊन मोकळा. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. आज तीच गाडी त्याच शोरूममध्ये मी लीज करणार नाही. चांगला सौदा त्या वर्षाचा होता, त्या कायद्याचा होता. तो अमेरिकेचा स्वभाव नव्हे.

पण पुतण्याला मी आकड्यांत अडकवून सोडून देणं बरोबर नाही, कारण आमच्यासारखे इतके लोक लीज का करतात याचं खरं उत्तर आकड्यांत नाहीच. एच-वन बी हा नोकरीचा व्हिसा तीन वर्षांचा मिळतो. एमव्हीसी, म्हणजे इथल्या आरटीओमधून मिळणाऱ्या लायसन्सवर तीच संपायची तारीख छापलेली असते. लीजही तीन वर्षांची. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी कधी हलेल याचा भरवसा नाही, आणि नोकरी गेली तर नवी शोधायला हातात फार तर साठ दिवस. अशा माणसाला "दहा वर्षं वापरायची गाडी घे" म्हटलं तर दहा वर्षं तो कुठे असेल हे त्याला सांगता येत नाही. लीज मध्येच मोडायची तर उरलेले हप्ते अंगावर येतात, म्हणजे ती आम्हाला वाचवते असंही नाही. तरी आम्ही तीच करतो, कारण त्यापलीकडचं आम्ही ठरवतच नाही. आईनं पूजा कर म्हटलं म्हणून ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जाऊन गाडीची पूजा करतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो. पण डॅशबोर्डवरचा गणपती चिकटवत नाही. परतीच्या तपासणीला येणारा माणूस डिंकाचा डागही टिपतो. गणपती कप-होल्डरमध्ये रुमालावर बसवलेला असतो.

आणि आम्ही महागडीच का घेतो? कारण सुट्टीत घरी आल्या आल्या "सध्या गाडी कोणती?" हेच विचारलं जातं. मी दर नव्या गाडीचा फोटो ग्रुपवर टाकत आलोय. पुतण्या ते फोटो पाहत मोठा झाला आणि त्याला वाटलं, काका पोचला. तो फोटो मी टाकला तो गाडीसाठी नव्हता. इतकी वर्षं लांब राहिलो त्याचं काहीतरी झालं, एवढं घरी दाखवायचं होतं.

तेव्हा बाळा, तुझ्या बाबांना लीज कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्यायला सांग: हिशेबात गाडीची किंमत किती धरली, चार वर्षांनी किती उरेल असं धरलं आणि दोन वर्षांनी मोडली तर किती भरावे लागतील. आरटीओचा कर कोण भरतो हेही त्यात लिहून घे. कागद आले की मला पाठव, रविवारी सकाळी बसून मी हिशेब करून देईन. लीज स्वस्त निघाली तर काकांना मी स्वतः समजावीन. फक्त त्यांच्यापुढे माझ्या गाडीचा दाखला देऊ नकोस.