छत्तीसचा आकडा

पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायच्या हाउझीच्या खेळात छत्तीस हा आकडा उच्चारला जाण्याआधीच मी तो ओळखला, एवढ्यावरून मला सगळ्या मजल्यासमोर, काठापदराची साडी नेसलेल्या अवस्थेत, ध्वनिक्षेपकावरून 'बोगस' ठरवण्यात आले. आमच्या घरी फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नाहीत आणि माझा रागही अजून पुरता ओसरलेला नाही. तेव्हा पुढील मजकुरात कोठे तोल सुटलेला दिसला, तर वाचकांनी तो सणाच्या दिवसांतला समजून सोडून द्यावा.

यंदा, म्हणजे २०२५ साली, वसुबारस शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला आली. शनिवारी धनत्रयोदशी, मध्ये रविवार आणि सोमवारी पहाटे अभ्यंगस्नान. पुण्यातून गावी जाणाऱ्या नोकरदाराला याहून सोयीची संध्याकाळ कोणत्याही पंचांगकर्त्याने काढून दिली नसती, आणि हिंजवडीतल्या आमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने दिवाळीच्या स्नेहमेळाव्यासाठी नेमकी तीच निवडली. 'चला, एका कुटुंबासारखे एकत्र येऊ या' अशी त्या मेलची सुरुवात होती आणि शेवट असा होता की, पारंपरिक वेशभूषा व उपस्थिती अनिवार्य असून, उपस्थितीची नोंद क्यूआर कोडद्वारे आत येताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा अशी घेतली जाईल. माझे कुटुंब कराडला असते. त्यांनी आजवर मला दारात उभे करून काहीही स्कॅन करायला लावलेले नाही.

साडेचार ते साडेसात हा वेळ टाइमशीटमध्ये कोणत्या कोडखाली दाखवायचा, असे मी मनुष्यबळ विभागातल्या मुलीला रीतसर विचारले. ती म्हणाली, "मॅडम, हा वेळ नाही धरायचा, हे तर एन्जॉयमेंट आहे." मग मी नाही आले तर चालेल का, असे विचारल्यावर ती दुखावल्या चेहऱ्याने म्हणाली, "असं कसं? अटेंडन्स आहे ना." म्हणजे पगाराच्या हिशेबात ही मजा ऐच्छिक आणि गैरहजेरीच्या हिशेबात अनिवार्य. दोन्ही बाजूंनी कंपनीचाच फायदा होईल अशी ही व्याख्या ज्याने बसवली त्याची बढती झाली असणार, याबद्दल मला शंका नाही.

सजावटीविषयी फार सांगण्यासारखे नाही. आगीच्या नियमांमुळे पणत्या बॅटरीवरच्या होत्या, गालिचा खराब होऊ नये म्हणून रांगोळी चिकटवायची होती, आणि वसुबारशीला ज्या घरांत गाईचे दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य असतात त्या घरांतल्या बायकांसाठी खास रबडी ठेवलेली होती. चकली नव्हती. संचालकांचे भाषण झाले, त्यात कुटुंब हा शब्द पुन्हा आला, छायाचित्रे निघाली, आणि मग हाउझी सुरू झाली.

या खेळाबद्दल माझे काही वाकडे नाही. इटलीत, विशेषतः नेपल्समध्ये, याचाच भाऊबंद असलेला तोंबोला नाताळच्या दिवसांत खेळतात, आणि तिथल्या त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. १७३४ च्या सुमारास राजाला लॉटरीच्या सोडतीतून महसूल हवा होता आणि एका धर्मगुरूला ती पापाची वाट वाटत होती. तेव्हा निदान नाताळच्या आठवड्यात तरी सोडत बंद ठेवावी अशी तडजोड झाली. लोकांनी मग काय केले, तर त्या आठवड्यात आकडे घरी नेले आणि आपल्या माणसांत बसून खेळू लागले. घरी बसून, हे कृपया लक्षात घ्यावे. सणाच्या दिवसांत घरी बसून खेळायचा म्हणून रुजलेला हा खेळ, माणसांना घरी जाऊ न देण्यासाठी वापरण्याचे श्रेय आमच्या उद्योगक्षेत्राला दिले पाहिजे.

आकडे पुकारण्याचे काम आमच्याकडे अनेक वर्षे लेखा विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ करतात. त्यांना सगळे काका म्हणतात. एरवी काका अत्यंत मितभाषी आहेत. प्रवासखर्चाच्या बिलावर ते 'पावती जोडा' एवढेच लिहितात आणि पावती जोडली की 'मूळ पावती जोडा' असे लिहितात. मात्र हातात माइक आणि सोंगट्यांची पिशवी आली की त्यांच्या अंगात निराळाच पुरुष संचारतो. आकडा नुसता सांगणे त्यांना कमीपणाचे वाटते. ते पिशवीत हात घालतात, सोंगटी काढतात, ती एकट्यानेच पाहतात, मूठ मिटतात, आणि मग त्या आकड्याचे गुणवर्णन सुरू होते. "पंढरीच्या विठोबाची युगे, अठ्ठावीस!" "चंद्राच्या सत्तावीस बायका, सत्तावीस!" "सरकारी माणूस घरी बसतो ते वय, अठ्ठावन्न!" तीन आला तेव्हा ते क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "साडेतीन मुहूर्त, त्यातला अर्धा पाडव्याचा, तो बाजूला ठेवा, राहिले तीन!" लोक हसले, आणि काकांनी हिशेब जुळल्याच्या समाधानाने चष्मा वर सरकवला.

एका आकड्याला सरासरी एवढा वेळ लागत असताना नव्वद आकड्यांच्या या खेळात फुल हाऊस, म्हणजे कोणाच्या तरी तिकिटावरचे सगळे आकडे खोडून, केव्हा होणार, याचे गणित मी मनात मांडत होते, कारण वाकडहून कराडकडे जाणारी माझी गाडी पावणेआठची होती. त्यामुळे माझे लक्ष तिकिटावर होते, असे मी म्हणणार नाही. परंतु हाउझीचे तिकीट हा असा कागद आहे की सत्तावीस घरांत विखुरलेल्या त्या पंधरा आकड्यांपैकी चार खोडले गेले की वैराग्य संपते. माझे चार खोडले गेले. पाचवा छत्तीस होता. पहिले पाच आकडे खोडणाऱ्याला म्हणजे 'जल्दी पाच'ला तांब्याची पाण्याची बाटली होती, जी मला नको होती, कारण तांब्याच्या बाटल्या वाटणे ही आमच्या कंपनीची मधल्या काळातली एक साथच होती. तरीही ती आता मला हवी होती.

काकांनी पिशवीत हात घातला, सोंगटी पाहिली, मूठ मिटली.

"हा आकडा," काका म्हणाले, "नवराबायकोत असतो. सासूसुनेत असतो. जावाजावांत तर असतोच असतो. आणि आपल्या अकाउंट्स आणि सेल्समध्ये…"

"जल्दी पाच!" मी ओरडले.

सभागृह शांत झाले. काकांनी माइक तोंडापासून थोडा दूर धरला, तरी पुढचे सगळे सर्वांना ऐकू गेलेच.

"मॅडम, आकडा कुठे आलाय अजून?"

"छत्तीस ना, काका?"

"छत्तीस असेलही. पण मी तसं म्हटलंय का?"

"तुम्ही सासूसुनेत असतो म्हणालात."

"ते मी वर्णन केलं. आकडा पुकारला नाही. आकडा माझ्या मुठीत आहे तोवर तो आकडा नाही, नुसती सोंगटी आहे. समजा, सत्तर असता तर?"

"सासूसुनेत सत्तरचा आकडा कसा असेल, काका?"

"ते मला माहीत नाही," काका म्हणाले, "मी नियमाचं सांगतोय."

मग त्यांनी सभागृहाकडे पाहिले, मूठ उघडली आणि अत्यंत संथपणे म्हटले, "तीन आणि सहा, छत्तीस." त्याच क्षणी व्यासपीठाच्या उजव्या अंगाने 'जल्दी पाच' अशी आरोळी आली. ती मनुष्यबळ विभागातल्याच एका तरुणाची होती, ज्याने कार्यक्रमाचे आयोजन केले होते आणि ज्याच्या हातात बक्षिसांची यादीही होती. त्याचे तिकीट तपासले गेले, ते बरोबर निघाले, बाटली त्याच्याच टेबलावर होती ती त्याने स्वतःच उचलली आणि स्वतःशीच हस्तांदोलन करायचे तेवढे बाकी ठेवले. माझ्या बाबतीत काकांनी माइकवर निर्णय दिला: मुदतीपूर्वी केलेला दावा म्हणजे बोगस दावा, आणि बोगस दावा म्हणजे तिकीट बाद. माझे तिकीट मागवून घेऊन त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवली. रेकॉर्डसाठी, असे ते म्हणाले.

यानंतर मी त्या सभागृहात काय करत होते, हे कंपनीने मला सांगावे. माझ्याकडे तिकीट नव्हते, खाण्याची इच्छा नव्हती, आणि बाहेर पडण्याचा क्यूआर कोड साडेसातशिवाय पडद्यावर येणार नव्हता. फ्रान्समध्ये एका कंपनीने अशाच 'मजे'त सहभागी होत नाही म्हणून एका माणसाला काढून टाकले होते. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या माणसाच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल मी एका खुर्चीवर बसून मोबाइलवर पुन्हा वाचला. तिकडे काकांसारखा माणूस न्यायासनावर असता तर 'मजा नाकारण्यापूर्वी ती सुरू झाली होती का' हा मुद्दा निघाला असता.

थोड्या वेळाने मध्यंतर झाले आणि काका हातात कागदी बशी घेऊन स्वतःहून माझ्याजवळ आले. बशीत दोन कचोऱ्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्यापुढे केली.

"मनाला लावून घेऊ नका, ताई. गेल्या वर्षी मी व्हाइस प्रेसिडेंटना बोगस केलं होतं."

"मग त्यांचं तिकीट बाद केलंत?"

"नाही, त्यांना उत्तेजनार्थ दिलं. त्यांचं अप्रूव्हल वरून आलं होतं."

मी काही बोलले नाही. काकांना ते अवघड गेले असावे, कारण त्यांनी आवाज खाली आणून मला मार्ग सुचवला. "अपील करायचं असेल तर लेखी द्या. सोमवारी माझ्या टेबलावर ठेवा."

"सोमवारी सुट्टी आहे, काका."

"मग त्याला मी काय करणार? आणि तसंही बाटलीचं व्हाउचर आधीच काढलेलं असतं, फक्त नाव भरायचं असतं. एकदा नाव भरलं की रिव्हर्स एंट्रीला ऑडिटवाले प्रश्न विचारतात." ते निघाले, दोन पावले गेले, परत आले, आणि खरोखरच्या कुतूहलाने, किंचित कौतुकानेही, त्यांनी विचारले, "पण मला एक सांगा, छत्तीस तुम्ही ओळखलात कसं?"

या माणसावर रागावणे शक्य नसते, ही माझी खरी अडचण आहे. काका स्वतः धायरीला राहतात आणि त्या संध्याकाळी त्यांनाही घरी पोहोचायला दहा वाजले असणार. राग येतो तो ही सगळी मांडामांड आमच्या सुखासाठी केली आहे असे आम्हालाच सांगितले जाते त्याचा. सणाला मालकाने नोकराला काय द्यावे, याचे उत्तर या राज्यात पूर्वी फार स्वच्छ होते. गिरणगावातल्या कामगारांनी बोनससाठी मोर्चे काढले आणि संप केले. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस ठरवून दिला आणि पुढे तो ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग, झाला. पुढे त्याची पात्रता दरमहा २१,००० रुपये वेतनापर्यंत नेली. त्याहून अधिक पगार असलेल्या आमच्यासारख्यांना तो कायदा लागू नव्हता, म्हणून आमच्या वाट्याला सुक्या मेव्याचा डबा आणि कुटुंबभावना आली. हाउझी मिळावी म्हणून कोणा कामगाराने लाल बावटा खांद्यावर घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्या दिवशी चार वाजता 'जा, घरी जा' एवढे तीन शब्द कोणी मेलवर पाठवले असते, तर सबंध मजल्याने त्या विभागाच्या नावाने पहिली पणती लावली असती, तीही तेलाची.

साडेसातला कोड आला. त्यापुढे रांग होती. पावणेआठची गाडी मी नसताना गेली. वाकडच्या पुलाखाली, साडीचा काठ एका हातात आणि लॅपटॉपची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन मी एका खासगी गाडीच्या एजंटाशी बोलले. खासगी गाड्यांनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये, असा शासन निर्णय २०१८ पासून आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मॅडम, मग एसटीनं जा." त्याने आकडा आधी सांगितला आणि गाडीचे गुण नंतर, एवढे मात्र मी त्याच्या बाजूने नमूद करीन.

खंबाटकी घाटात गाडी उभी असताना मोबाइलवर अभिप्रायाचा अर्ज आला. अर्ज निनावी होता आणि त्याचा पहिला रकाना कर्मचारी क्रमांकाचा होता. 'आजच्या कार्यक्रमाने आपल्याला किती आनंद झाला?' या प्रश्नाला 'खूप', 'फार' आणि 'अतिशय' असे तीन पर्याय होते. मी 'खूप' निवडले, कारण ते पहिले होते, आणि खालच्या मोकळ्या चौकटीत सभ्य भाषेत सुचवले की, यापुढे आकडा आधी पुकारावा आणि त्याचे वर्णन नंतर करावे. दाव्याची तपासणी आयोजकांखेरीज अन्य व्यक्तीने करावी. तसेच आयोजकांनी स्वतः खेळू नये. एवढे मुद्देसूद मी वर्षभरात काही लिहिले नव्हते.

उत्तर पाडव्याच्या दिवशी आले, मी कराडला आईच्या समोर ताटावर बसले असताना. माझ्या सूचना अत्यंत मोलाच्या असून मनुष्यबळ विभागाने त्यांची गांभीर्याने दखल घेतली होती. त्यामुळे डिसेंबरातल्या नाताळच्या कार्यक्रमाच्या आयोजन समितीवर माझी नेमणूक करण्यात आली होती. हाउझीच्या नियमावलीचा मसुदा मी आणि काकांनी मिळून तयार करायचा होता, आणि समितीची पहिली बैठक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेनऊला, प्रत्यक्ष कार्यालयात होती. त्या शुक्रवारची रजा मी जुलैमध्येच मंजूर करून घेतली होती. तसे मी कळवले. त्यावर दहा मिनिटांत उत्तर आले की काही हरकत नाही, बैठकीची लिंक पाठवत आहोत, कॅमेरा मात्र सुरू ठेवावा.