नंबर गेला, डोळा तोच आहे

‘उणे नंबरवाल्यांसाठी आनंदाची बातमी’ अशा मथळ्याचा मेसेज गेल्या काही दिवसांत मला चौघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डोळ्यात आयसीएल (शस्त्रक्रियेने डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) बसवली की नंबर कायमचा जातो, चष्मा जन्मात लागत नाही. ही म्हणजे आतली कॉन्टॅक्ट लेन्सच, नको झाली तर काढली, डोळा पुन्हा पहिल्यासारखा. मोतीबिंदूची भीती नाही. आणि लेसर ज्यांना चालत नाही, त्या सगळ्यांना ही चालते.

माझ्या दोन्ही डोळ्यांत आयसीएल आहे. आधी नंबर उणे नऊ होता. मी खूश आहे, आणि म्हणूनच हा मेसेज वाचून जास्त चिडले.

‘नंबर कायमचा जातो.’ मोठा उणे नंबर बहुतेक वेळा डोळा लांबल्यामुळे येतो. एरवी डोळा समोरून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. त्यात एका मिलिमीटरची भर पडली की नंबर अडीच-तीनने चढतो. लेन्स प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमका पाडते, एवढंच तिचं काम. लांबलेला डोळा लांबच राहतो, ताणून विरळ झालेला पडदाही तसाच. पडदा सुटण्याचा किंवा काचबिंदूचा जो जादा धोका मोठ्या नंबराबरोबर येतो, तो या शस्त्रक्रियेने कमी होत नाही. जाड काचा नाकावर होत्या तोवर आपला डोळा नाजूक आहे याची रोज आठवण व्हायची. आता आरशात ती खूणच दिसत नाही. म्हणून मी ठरलेल्या तारखेला थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घेते आणि पुढचे काही तास उन्हाकडे पाठ करून बसते. अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली सरकत आली, तर लेन्स असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

‘चष्मा जन्मात लागत नाही.’ चाळिशीला आयसीएलचं काही सोयरसुतक नाही. उलट इथे एक गोष्ट हातची जाते. उणे नऊवाल्याला चष्मा काढला की ११ सेंटिमीटरवरचं सगळं लख्ख दिसतं. सुईत दोरा ओवायला मी चष्मा कपाळावर चढवून सुई नाकाशी धरायचे, एका झटक्यात काम! आता हात लांब करून, सुई मागेपुढे करत बसते आणि शेवटी वाचायचा चष्मा शोधते.

‘नको झाली तर काढली.’ काढता येते, हे खरं. पण कॉन्टॅक्ट लेन्स आपण बोटाने काढतो. ही बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत चकतीच्या, मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे असते. बसवायला कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या, कडेला सुमारे ३ मिलिमीटरचा छेद घेतात, काढायची म्हणजे पुन्हा ऑपरेशन. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर दृष्टीवर बेततं. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी एकदा गेल्या की नव्या येत नाहीत. तेव्हा ‘पहिल्यासारखा’ हा शब्द खोडायला हवा.

‘मोतीबिंदूची भीती नाही.’ भीती कमी झाली आहे, संपलेली नाही. अमेरिकेत २००५मध्ये मान्यता मिळालेल्या लेन्सला मधलं छिद्र नव्हतं. २०२२मध्ये तिथे मान्य झालेल्या लेन्समध्ये ०.३६ मिलिमीटरचं छिद्र आहे, त्यातून डोळ्यातलं पाणी वाहतं राहतं. तरी खरी मेख आहे ती लेन्स आणि नैसर्गिक भिंग यांच्यामधल्या फटीत. फट फार कमी राहिली तर भिंग गढुळण्याचा धोका. फार जास्त झाली तर बुबुळ पुढे ढकललं जाऊन डोळ्यातला दाब वाढू शकतो. तपासताना डॉक्टर प्रकाशाची बारीक चीर डोळ्यावर टाकतात आणि ही फट कॉर्नियाच्या जाडीशी, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरशी, ताडून पाहतात. लेन्स मोजक्याच मापांत मिळते, डोळे मात्र हरतऱ्हेचे. माप चुकलं तर लेन्स बदलावी लागते.

‘सगळ्यांना चालते’ यावर जास्त बोलायलाच नको. डोळ्याच्या पुढच्या भागात पुरेशी खोली हवी (अमेरिकेतल्या २०२२च्या मान्यतेत किमान ३ मिलिमीटर), वय मर्यादेत (त्याच मान्यतेत २१ ते ४५), नंबर वर्षभर स्थिर, कॉर्नियाच्या पेशी पुरेशा. पातळ कॉर्नियामुळे लेसर नाकारलेल्यांना ही खरोखर मोठी सोय आहे. पण मोजमापं केल्यावर इथूनही काही जण परत जातात.

ऑपरेशननंतर लेन्सची पॉवर आणि माप लिहिलेलं एक छोटं कार्ड मिळतं. ते जपून ठेवा. पुढेमागे वयाने मोतीबिंदू झालाच, तर आधी ही लेन्स काढून मग त्याच बैठकीत मोतीबिंदू काढता येतो, आणि तेव्हाचे डॉक्टर बहुधा वेगळे असतील.