मॅट मर्डॉक डोक्यात जातो (डेअरडेव्हिलबद्दल मोठ्ठी पोस्ट)

स्पॉयलर आहेत, तिन्ही सीझनचे आणि बॉर्न अगेन या पुढच्या सिरीजचे पण, त्यामुळे ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच कटा.

तर २०१५ ते २०१८ वाली जुनी डेअरडेव्हिल (नेटफ्लिक्सवरची मार्व्हलची सुपरहिरो सिरीज) परत पहिल्यापासून बघून काढली आणि या वेळी एक गोष्ट पक्की झाली, मला या सिरीजमध्ये सगळ्यात जास्त राग कुणाचा येत असेल तर तो हिरोचा. व्हिलन फिस्कचा नाही, त्याचा मारेकरी डेक्सचा नाही, मॅटचा. मॅट करणारा चार्ली कॉक्स आवडतो, प्रश्नच नाही, पण मॅट मर्डॉक हा माणूस म्हणून डोक्यात जातो राव.

बघा ना, हा आंधळा वकील, रात्री मास्क लावून गुंडांना बडवणारा डेअरडेव्हिल, समोरच्याच्या छातीचे ठोके ऐकून ओळखतो की हा खरं बोलतोय का थापा मारतोय. आणि स्वतः? सकाळी फुटलेला ओठ घेऊन ऑफिसात यायचं आणि पडलो, धडपडलो, काहीतरी ठोकून द्यायचं. फॉगी कोलंबिया युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र, रूममेट, दोघांना लँडमन अँड झॅक या लॉ फर्ममध्ये चांगली नोकरी लागत होती ती लाथाडून फॉगी याच्या नादी लागून न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात एवढंसं ऑफिस टाकतो, जिथे अशील फीऐवजी खायला आणून देतात. आणि त्या फॉगीला खरं कधी कळतं तर मॅट घरात रक्ताच्या थारोळ्यात पडतो तेव्हा, म्हणजे याने सांगितलं नाहीच, सापडला. त्यानंतरचं ते भांडण, पहिल्या सीझनचा दहावा एपिसोड, मला वाटतं अख्ख्या सिरीजमधली सगळ्यात भारी मारामारी तीच आहे आणि त्यात एकही बुक्की नाही. फॉगीला मास्कपेक्षा जास्त काय लागतं, तर इतकी वर्षं हा आपले ठोके ऐकत होता आणि आपलं प्रत्येक खोटं याला कळत होतं, हे. एकाने सगळं ऐकायचं आणि दुसऱ्याला काहीच कळू द्यायचं नाही, ही कसली मैत्री?

दुसऱ्या सीझनला तर कहर. गुंडांना मारत सुटलेल्या पनिशरचा खटला, मॅट-फॉगी त्याचे वकील, अख्ख्या न्यूयॉर्कचं लक्ष, ओपनिंग स्टेटमेंट मॅट करणार असं ठरलेलं, आणि साहेब उगवतच नाहीत कारण रात्रभर जुनी प्रेयसी इलेक्ट्राबरोबर निन्जांच्या मागे. बिचारा फॉगी ऐनवेळी उभा राहतो आणि काय सुंदर बोलतो. फॉगी करणाऱ्या एल्डन हेन्सनला सगळे कॉमेडीचा मित्र म्हणून सोडून देतात, मला विचाराल तर त्या ऑफिसातला खरा वकील तोच. मॅट म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा, आणि पीठ मात्र फॉगीच्या घरचं. (निन्जा, त्यांची ती हँड नावाची गुप्त टोळी, तो भला मोठा खड्डा, यावर मी काही बोलणार नाही, झोप आली मला.)

तरी बघते का? तर हो, कारण मॅट दमतो. दुसऱ्याच एपिसोडमधला तो कॉरिडॉर आठवा. किडनॅप केलेला पोरगा आत आहे, याच्या बरगड्या आधीच खिळखिळ्या, कॅमेरा लांबूनच बघतोय, एका खोलीतून मायक्रोवेव्ह उडत येतो, पाडलेले लोक परत उठतात आणि हा भिंतीला टेकून श्वास घेतो मग परत सुरू. एरवी सुपरहिरोला घाम पण येत नाही, याला उभं राहता येत नाही. अशा वेळी सगळं माफ करावंसं वाटतं, पाचेक मिनिटं.

आता फिस्क. व्हिन्सेंट डनॉफ्रिओने जे केलंय त्याला तोड नाही, तो अडखळत, घशातून ओढून आणलेला आवाज, ते पांढऱ्यावर पांढरं पेंटिंग बघत उभं राहणं, बापाला हातोड्याने मारलं तरी कफलिंक्स बापाच्याच वापरणं. पण फिस्क आणि व्हनेसा म्हणजे कपल गोल्स असं जे लोक लिहितात ना त्यांना मला हात जोडून विचारायचंय, अहो तो गाडीचा दरवाजा विसरलात का? त्या रशियन अ‍ॅनातोलीचा गुन्हा काय तर फिस्कची डेट चालू असताना मध्येच येऊन बोलला. माणूस गाडीच्या दारात डोकं ठेचून मारतो आणि तुम्हाला त्याच्या ऑम्लेटचं कौतुक. आणि व्हनेसा काही भोळीभाबडी नाही. तिसऱ्या सीझनमध्ये एफबीआय एजंट नदीमला मारायचा हुकूम ती स्वतः देते, नवऱ्याच्या धंद्यात आपला पण हात लागावा म्हणून. मला ती फिस्कपेक्षा जास्त घाबरवते, कारण तो चिडून मारतो आणि ही शांतपणे ठरवते.

मॅट-फॉगीच्या ऑफिसातल्या कॅरनला लोक एवढं का शिव्या घालतात हे मला समजत नाही. म्हणजे समजतं, पण पटत नाही. ती नको तिथे नाक खुपसते, मान्य. बेन युरिकला फसवून फिस्कच्या आईकडे घेऊन गेली आणि त्यापायी तो म्हातारा पत्रकार आपल्याच घरात गळा दाबून मेला, मान्य. पण फिस्कचा उजवा हात वेस्ली, त्याचा सीन बघा. तो एवढा कॉन्फिडन्ट की पिस्तूल टेबलावर तिच्यासमोर ठेवतो, फोन वाजतो, त्याची नजर अर्धा क्षण हलते आणि पिस्तूल तिच्या हातात. आणि मग एक गोळी नाही, घालतच राहते. नंतर तिला झोप लागत नाही, कुणाला सांगता येत नाही, दारू. मॅटसाठी मारामारी म्हणजे कन्फेशन आणि ड्रामा, हिने एकदाच केलं आणि दोन सीझन एकटीने पोटात ठेवलं. गुपित ठेवायची किंमत काय असते हे सिरीजने मॅटपेक्षा कॅरनकडून जास्त चांगलं दाखवलंय.

पण सगळ्यात जास्त ज्याच्याबद्दल लिहायचं होतं तो रे नदीम. भारतीय वंशाचा एफबीआय एजंट, घरी सीमा आणि मुलगा सामी, आणि पहिल्यांदा बघताना मला वाटलं होतं आला आता टिपिकल इंडियन, हेल काढून बोलणार. तसलं काहीच नाही. त्याची अडचण आपल्या कुठल्याही घरातली आहे, वहिनीचा कॅन्सर, उपचाराचा खर्च यानेच उचललेला, त्यातून कर्ज, आणि कर्जामुळे क्रेडिट स्कोअर पडला म्हणून प्रमोशन अडकलेलं, कारण कर्जात बुडालेला एजंट कुणीही विकत घेईल असं ऑफिसचं म्हणणं. मग फिस्कची केस हाती लागते, कौतुक होतं, आणि बरोबर त्याच नशेला धरून फिस्क त्याला गळाला लावतो. तो वाईट वागतो हो, कळत असून गप्प बसतो, चर्चवर हल्ला करायला डेक्सला गाडीतून घेऊन जातो. पण शेवटी बायकोपोरांना दूर पाठवतो, सगळं कॅमेऱ्यासमोर बोलून रेकॉर्ड करतो आणि आपल्याच घराच्या मागे जाऊन बसतो, डेक्स येणार हे माहीत असून. तो व्हिडिओ मृत्युपूर्व जबाब म्हणून कोर्टात चालणार, आणि फिस्क अडकतो तो त्याच्यामुळे. मॅटच्या तीन सीझनच्या बुक्क्यांनी जे झालं नाही ते एका कर्जबाजारी सरकारी नोकराने मरून केलं. जे अलीने हे इतकं साधेपणाने केलंय की त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आता बॉर्न अगेन. मार्च २०२५, पहिलाच एपिसोड, सुरुवातीलाच फॉगीला डेक्सने जोसीज बारच्या बाहेर गोळी घातली. मी टीव्ही पॉज करून बसले. मॅट वर गच्चीवर मारामारी करतोय आणि तिथून त्याला फॉगीचे ठोके थांबलेले ऐकू येतात. इतकी वर्षं जे ऐकलं त्याचा हा शेवट, लिहिणाऱ्याला मानलं, पण माफ करणार नाही.

आणि एवढं होऊन हा सुधारतो का? अशील हेक्टर अयालाच्या केसमध्ये केस हरतोय असं दिसल्यावर भर कोर्टात सांगून टाकतो की हाच व्हाईट टायगर नावाचा मास्कवाला हिरो, त्याला न विचारता. हेक्टर सुटतो, आणि सुटून किती जगतो तर फक्त त्या रात्रीपर्यंत. स्वतःचा मास्क जिवापाड जपायचा आणि दुसऱ्याचा चारचौघांत काढायचा, मला त्या सीनला अक्षरशः ओरडावंसं वाटलं.

कॅरन फॉगी गेल्यावर सरळ सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेली ते एकदम बरोबर केलं. मी असते तर दुसऱ्या सीझनलाच बॅग भरली असती. बॉर्न अगेनच्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडला परत आलीच म्हणा.