एक चूल, दोन पुरुष आणि 35 किलो

तुम्ही दोघं पुरुष आहात, सात वर्षं एका छताखाली राहताय आणि आता लग्नाचं खूळ डोक्यात शिरलंय? काढून टाका. त्यापेक्षा रेशनकार्ड काढा.

चेष्टा नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की लग्न हा काही तुमचा मूलभूत हक्क नव्हे. मात्र उपाशी कुणी उठू नये म्हणून कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं सरकारचं आश्वासन नोंदवून घेतलं. समिती बसली, आणि 2024 साली केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं, की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेपुरतं एकाच कुटुंबातलं समजावं. शिधापत्रिकेपुरतं. यातला 'पुरतं' नीट चावून खा, घशात अडकतो.

कुरकुर करू नका. या पंगतीत तुम्ही नवे नाही. इंग्रजांनी 1860 च्या दंड संहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम घालून तुम्हाला मांडवाबाहेर बसवलं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2 जुलै 2009 ला आत बोलावून पान वाढलं. 11 डिसेंबर 2013 ला, घास तोंडाशी आला असताना, सर्वोच्च न्यायालयानं ते उचललं. 6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयानं पुन्हा वाढलं. पावणेपाच वर्षं रिकाम्या पाटावर बसलेल्या माणसानं आमटीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करू नये. 2023 च्या निकालाचा फेरविचार करा म्हणून गेलेल्यांनाही 9 जानेवारी 2025 ला परत पाठवलं. मागून घेणं आपल्यात वाईटच दिसतं.

तर रेशनकार्ड. आधी हिशोब समजून घ्या, कारण प्रेम किलोत मोजण्याची संधी वारंवार येत नाही. अंत्योदय, म्हणजे अगदी गरिबांच्या, कार्डावर धान्य माणशी नाही, कुटुंबामागे मिळतं: महिन्याला 35 किलो. तुमचं वेगळं कार्ड आणि त्याचं वेगळं, म्हणजे 70. सरकारनं तुमचं नातं मान्य केलं, की 35. त्याच्या वरच्या 'प्राधान्य कुटुंब' गटात बसत असाल तर माणशी 5 किलो, तिथं तोटा नाही असं वाटेल. पण शहरात त्या गटाला वर्षाला 59 हजारांची उत्पन्नमर्यादा आहे. तुमचे 40 हजार, त्याचे 40 हजार. वेगवेगळे राहिलात तर दोघंही गरीब. एका चुलीवर आलात की 80 हजार, अभिनंदन, दोघंही श्रीमंत.

नवरा-बायकोलाही हाच हिशोब लागतो, असं कुणी म्हणेल. खरंय. पण त्यांना धान्य गेल्याचं दुःख विसरायला वारसाहक्क असतो, पेन्शन असते. तुम्ही त्याला वाढदिवसाला 50 हजारांच्या वर रक्कम दिलीत, तर प्राप्तिकर खातं विचारतं, हा कोण? जोडीदार 'नातेवाईक' नाही, म्हणून भेट करपात्र. 2025 साली एका जोडप्यानं हे गाऱ्हाणं मुंबई उच्च न्यायालयात नेलं. त्यांना तत्त्व कळलं नसावं. जिथं एकत्र मोजल्यानं सरकारचे चार दाणे वाचतात तिथं तुम्ही कुटुंब, आणि जिथं सरकारचा कर बुडतो तिथं परके. इतकं सोपं आहे.

(त्याच 2024 साली आरोग्य मंत्रालयानंही राज्यांना पत्र लिहिलं: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. म्हणजे तांदूळ आणि तिरडी या दोन्ही टोकांची सोय झाली. मधलं आयुष्य तुमचं तुम्ही बघा.)

शिधावाटप कार्यालयात जाताना दोन चटया न्या, लवकर उठायचं नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई लागते. दोन मुलींनी संसार थाटला असेल तर कायद्याच्या लेखी ते आदर्श घर: एक कुटुंबप्रमुख, एक राखीव. तुमच्याकडे बाईच नाही. मग 'कुटुंबप्रमुखाशी नातं' हा रकाना येईल. खिडकीतले साहेब चष्म्यावरून बघतील आणि माणुसकीनं विचारतील, "आतेभाऊ लिहू का?" हो म्हणा. आतेभाऊ या नात्यात महाराष्ट्रानं फार काही सामावून घेतलंय. राहता राहिला आईच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला. तिथं कारण विचारतील. लग्न म्हणता येत नाही. मृत्यू म्हणू नका, घरच्यांनी तसं म्हटलं असलं तरी.

हे सगळं झेपत नसेल तर शिवभोजन थाळी. 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली तेव्हा 10 रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची मूद. शेजारी बसलेला तुमचा कोण, हे विचारायला तिथं रकानाच नाही. फोटो काढतात, पण एकेकट्याचा. गुरुद्वारातल्या लंगरात तर तेवढंही नाही. डोकं झाका, खाली बसा, पोळीसाठी दोन्ही हात पुढे करा. मात्र असल्या ठिकाणी फार जाऊ नका. दुपारभर माणसासारखं वागवून घेतलं की संध्याकाळी सोसायटीत जड जातं.

सोसायटीत गणपतीचा महाप्रसाद असतोच. वर्गणी फ्लॅटमागे, ती तुमच्याकडून न चुकता घेतात, कूपनं कुटुंबामागे, तेव्हा "तुम्हा बॅचलर लोकांना एकेक पुरेल ना?" तुम्ही बेचाळीस वर्षांचे आहात, तो पंचेचाळीस. पुरेल म्हणा. सत्यनारायणाला जोडप्यानं बसायचं असतं, तेव्हा खुर्च्या लावायचं काम आपणहून मागून घ्या. आणि कुणाकडे मेहूण म्हणून जेवायला बोलावतील अशी आशा तर धरूच नका. मेहूण म्हणजे जोडपं, आणि तुम्ही जोडपं आहात ते फक्त रेशन दुकानात.

एकच गोष्ट सांभाळायची. अधिक महिना आला की जावयाला 33 अनारशांचं वाण देतात. तुमच्या घरात जावई दोन, म्हणजे नुसता गोंधळ. तेव्हा इतकी वर्षं "तुझा तो मित्र" म्हणणाऱ्या आईनं फोनवर सहज विचारलं, "त्याला अनारसे चालतात का रे?", तर हो म्हणा आणि पावसाचा विषय काढा. का विचारलं, असं अजिबात विचारू नका.

डबा घरी आला, की मात्र दार लावून घ्या आणि मोजा.