पेचकस पोरांच्या हाती देऊ नका

अभिनंदन! शाळेच्या रोबोटिक्स टीमचे मेंटॉर म्हणून तुमचं नाव पालकांच्या ग्रुपवर झळकलं आहे. मुख्याध्यापिकांनी सभेत "इथे इंजिनिअर कोण आहे?" असं विचारलं आणि बायकोनं तुमचा हात वर केला. तुम्ही सिव्हिलवाले आहात हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आता तुम्हीही सांगू नका.

पहिल्याच शनिवारी सीताबर्डीला जा आणि एक चांगला पेचकस घ्या. टीममध्ये पोरं आठ असोत की दहा, पेचकस एकच, आणि तो तुमच्या खिशात. नववीतली एखादी मुलगी विचारेल, "काका, मी करून पाहू का?" तिला प्रेमानं म्हणा, "करशील नं बेटा, आधी नीट बघ." हे 'आधी बघ' वापरायला शिकलात की डिसेंबरपर्यंत चिंता नाही.

मग एक दिवस रोबो सरळ चालायचं सोडून डावीकडे वळायला लागेल. "काका, हा डावीकडं काहून जाऊन राहिला?" प्रश्न घातक आहे, कारण त्याचं उत्तर शोधण्यात दोन तास जातात आणि त्या दोन तासांत मुलं बरंच काही शिकतात. एकाच डब्यातून निघालेल्या दोन मोटरीसुद्धा अगदी सारख्या फिरत नाहीत. बॅटरी एका अंगाला बसवलेली असते, एखादं चाक शाफ्टवर सैल असतं, फरशीच्या सांध्यात चाक अडखळतं. त्या मुलीला वाटतं की दोन्ही टायरांवर खडूनं ठिपका काढावा, एक मीटर चालवावं आणि कोणतं चाक किती फिरलं ते मोजावं. मोजू देऊ नका. लॅपटॉप स्वतःकडे ओढा, उजव्या मोटरचा वेग पाच टक्क्यांनी कमी करा, रोबो सरळ गेला की मुलांकडे एकदा पाहा. टाळ्या होतील. बॅटरी अर्धी उतरल्यावर तो पुन्हा वाकडा चालेल, पण तोवर तुम्ही घरी पोचलेले असाल.

लाइन सेन्सरचंही तसंच. तो जमिनीवरून परतलेला उजेड मोजतो, काळ्या पट्टीवर कमी, पांढऱ्यावर जास्त, आणि मधला कुठलातरी आकडा धरून रोबोला 'वळ' म्हणून सांगायचं असतं. तुम्ही तो आकडा रविवारी रात्री स्वतःच्या बैठकीत, ट्यूबलाइटखाली काढला आणि प्रोग्राममध्ये कायमचा लिहून टाकला: 42. मुलं म्हणतील, स्पर्धेच्या जागी दिवे वेगळे असतील, तिथे पुन्हा मोजावं लागेल. म्हणू द्या. बेचाळीस हा खऱ्या अर्थानं तुमच्या प्रतापनगरातल्या घरच्या ट्यूबलाइटचा आकडा आहे, पण तुम्ही मेंटॉर आहात. उजेडानं तुमच्याशी जुळवून घ्यावं.

यात लाजण्यासारखं काही नाही हो. आपल्या नागपुरात ही परंपरा आहे. तान्हा पोळा आठवा. लेकरानं आपला लाकडी बैल दोरीनं ओढत न्यायचा, चार घरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा, एवढाच तो सण. आता बैल लेकरापेक्षा उंच, झूल बाबांच्या पसंतीची, शिंगं काकांनी रंगवलेली, आणि बक्षीस घेताना पोरगा बैलामागे कुठेतरी झाकलेला. रोबोच्या पुढे नारळ फोडता येतो, एवढाच काय तो फरक. तोही फार नाही.

वही विसरू नका. परीक्षकांना टीमनं काय काय करून पाहिलं, काय फसलं, त्याची नोंद हवी असते. ती तुम्हीच लिहा, फक्त अक्षर पोरांचं वाटलं पाहिजे. मधूनमधून शुद्धलेखनाच्या दोन चुका, एखादी खोडाखोड, कोपऱ्यात चहाचा डाग. 'आमचा पहिला प्रयत्न फसला' असं एक पान हवंच. प्रयत्न झालेला नसला तरी चालेल.

कुणीतरी गुगल करून तुम्हाला अमेरिकेतलं सांगायला येईल. तिथे डीन केमेन नावाच्या गृहस्थांनी 1989 मध्ये फर्स्ट ही शाळकरी मुलांच्या रोबो-स्पर्धा घेणारी संस्था काढली, त्यांच्या स्पर्धेत वूडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांच्या नावानं 1996 पासून मेंटॉरसाठी पुरस्कार आहे, आणि त्यासाठी मेंटॉरचं नाव विद्यार्थीच सुचवतात, निबंध लिहून. ही माहिती शांतपणे ऐका. मग मुलांना सांगा की निबंधाचा मसुदा तुमच्याकडे तयार आहे.

तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर आणखीच सोपं. 2016 साली नीती आयोगानं ही योजना आणली, सहावी ते बारावीच्या मुलांनी हातानं काही करून पाहावं म्हणून, आणि शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान. मी एक लॅब पाहिली आहे (कुठली ते विचारू नका). थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर दसऱ्याचं हळदकुंकू, कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्या सरांकडे ते निवडणूक ड्यूटीवर. सामान वर्षानुवर्षं नवं राहतं. तुम्ही त्या सरांशी मैत्री करा, तुमचे विचार जुळतील.

मुलांना अगदीच रिकामं ठेवू नका, नाहीतर त्यांना प्रश्न सुचतात. त्यांना तर्री-पोहे आणायला पाठवा. तर्री वेगळ्या पिशवीत, हे मात्र बजावून सांगा. टीमवर्क म्हणतात ते हेच.

बाकी टी-शर्टवर 'चीफ मेंटॉर' हे मोठ्या अक्षरांत, मुलांची नावं बाहीवर.

आणि एक दिवस स्पर्धा येईल. इथे थोडी अडचण आहे. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडसारख्या स्पर्धांत प्रशिक्षकानं मैदानात शिरून सूचना द्यायला मनाई असते. नियम कुणी केला कोण जाणे, त्याला मूलबाळ नसावं. तुम्ही दोरीच्या अलीकडे, टीम पलीकडे. वर हॅलोजन ढणढणताहेत. रोबो निघतो, बेचाळीस शोधतो, बेचाळीस काही सापडत नाही, आणि पट्टी सोडून भिंतीवर आदळतो.

परीक्षक विचारतात, "हा आकडा कसा ठरवलात?" तिघं पोरं वळून तुमच्याकडे पाहतात. तुम्ही बोटांनी चार आणि दोन दाखवता. परीक्षक तुमच्याकडे पाहतात. तुम्ही तीच बोटं केसांतून फिरवा.

तेवढ्यात नववीतली ती मुलगी खाली बसते. चाक धरून हलवून पाहते, कानाजवळ नेऊन ऐकते. तिला समजलं आहे. उजेडाचं नंतर बघू, आधी हे डावं चाक. ते पहिल्या दिवसापासून सैलच होतं. ती मैत्रिणीपुढे हात करते. मैत्रीण टूलबॉक्स उपडा करते. झिप टाय निघतात, चिकटपट्टी निघते, संत्रा बर्फीचा अर्धा तुकडा निघतो. घड्याळात दीड मिनिट उरलं आहे. दोघी मान वर करून दोरीच्या अलीकडे पाहतात.

तुमचा हात आपोआप खिशावर जाईल. पेचकस तिथेच आहे, चांगल्या कंपनीचा, मूठ अजून नवीकोरी. तो आत फेकायचा मोह आवरा. नियमात बसत नाही.